पोचेची पोच

सोमवारी सकाळी ‘सारजा चटणी’चा मेल सर्व्हर पहिल्यांदा पडला, तेव्हा उत्कर्षाने तो हसत हसत उठवला. नवीन सॉफ्टवेअर टाकलं की थोडी कुरकुर चालायचीच. दुपारी पुन्हा पडला, तेव्हा तिने कपाळाला आठ्या घालून उठवला. मंगळवारी तर त्याने ताळतंत्रच सोडलं. आणि बुधवारी सकाळचा चहा यायच्या आतच तो आडवा झाला, तेव्हा मात्र पोरीच्या तोंडचं पाणी पळालं.

कारखाना अक्कलकोट रोडवरचा. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी, एवढाच माल. पण तो दुबईपासून अमेरिकेपर्यंत जातो आणि त्याच्या सगळ्या ऑर्डरी मेलवर येतात. मेल बंद म्हणजे पॅकिंगच्या बायका हातावर हात ठेवून बसणार. चटणी सारजाबाईंच्या हातची. आता कुटायला यंत्रं आली, तरी तिखट-मिठाचं माप अजून त्याच सांगतात. मालक त्यांचे यजमान आबासाहेब. जिल्हा परिषदेत अख्खी हयात आवक-जावकच्या टेबलावर काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर बायकोने चटणी कुटावी आणि नवऱ्याने गिऱ्हाइकांना पत्रं लिहावीत, असा हा धंदा सुरू झाला आणि बघता बघता वाढला.

धंदा वाढला, तरी आबांमधला कारकून काही निवृत्त झाला नाही. त्यांचा पहिला नियम असा, की दुसऱ्याच्या नावाचं टपाल कुणी उघडायचं नाही, मग आभाळ कोसळो. दुसरा नियम, आलेल्या पत्राला आधी पोच द्यायची, उत्तराचं मग बघता येतं. मेलचा जमाना आला तेव्हा त्यांनी पोच द्यायचं काम सर्व्हरला लावलं. मेल आला रे आला, की पाठवणाऱ्याला आपोआप जायचं, ‘आपले पत्र मिळाले. आभारी आहोत.’ त्याखाली संदर्भ म्हणून आलेलं अख्खं पत्र. आणि सरकारी कचेरीत दोन प्रती लागतात, म्हणून तेच पत्र सोबतही जोडलेलं. वर चटणीच्या बरणीचा फोटो. आपलं टपाल परक्याच्या कपाटात ठेवायचं नाही, या हट्टापायी सर्व्हरही कारखान्यातच होता. पूर्वी लसूण ठेवायचे त्या खोलीत. खोलीचा वास अजून गेलेला नव्हता आणि उत्कर्षा घरी गेली की तिची आई सांगायची, आधी हात धू.

तरी उत्कर्षाला ती खोली जिवापेक्षा प्यारी होती. जेऊरची ही पोर पुण्यात तीन वर्षं एका कंपनीत राबली होती. तिथे दिवसभर दुसऱ्याच्या मशीनच्या तक्रारी ऐकायच्या आणि पासवर्ड बदलून द्यायचे. इथे मात्र सर्व्हर तिचा होता. बिघडला तरी तिचा आणि चालला तरी तिचा. सोलापुरात असलं काम शोधून सापडत नाही. शिवाय शनिवारी संध्याकाळी जेऊरला घरी जाता येतं, ते वेगळंच.

आबांचा मुलगा युवराज याला मात्र हा लसणाचा खोका पसंत नव्हता. माणूस वाईट नाही, पण त्याला हिशेब लागतो. रविवारी उत्कर्षाने अपग्रेड करायला घेतलं, तेव्हाच तो म्हणाला होता, “कर बाई तुला काय करायचं ते. पण या आठवड्यात धड चाललं नाही, तर मी मेलचं सगळं काम पुण्याच्या कंपनीला देणार. मग तुला बिलिंगला बसावं लागेल.”

“चालेल की दादा,” ती ठणकावून म्हणाली होती. आता बुधवार उजाडला होता आणि तिला बिलिंगचं टेबल डोळ्यांसमोर दिसायला लागलं होतं.

सर्व्हर का पडतो, हे सोडून बाकी सगळं कळत होतं. मेल आला की त्यात काही घाण आहे का, हे तपासणारा एक प्रोग्राम असतो. तो मेमरी खात खात सुटायचा आणि अख्ख्या मशीनला घेऊन खाली बसायचा. तिने मेमरी वाढवली. तेवढीही त्याने खाल्ली. तिने तपासणारा प्रोग्राम बदलून पाहिला. नवाही तसाच बसला. उठवल्यावर रांगेतलं पहिलंच पत्र हातात घेताना तो पुन्हा कोसळायचा, म्हणून ती ते अडलेलं पत्र उचलून बाजूला ठेवायची. मग दोन-चार तास सुखाचे जायचे आणि कुठूनसं तसलंच नवं पत्र येऊन बसायचं.

कारखान्यात प्रत्येकाजवळ याचं निदान होतं. पॅकिंगचा बिरप्पा म्हणाला, कुटायच्या यंत्राचा हादरा बसतोय, खाली गोणपाट घाला. तिने गोणपाट घातलं. उगीच कशाला कुणाचं मन मोडा? सारजाबाई स्वतः येऊन खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

“दिष्ट लागली आसंल की गं,” त्या म्हणाल्या. “नवं कापड घातल्यावर लेकराला लागती तशी.”

“काकू, याला मीठ-मोहरी नका ओवाळू, आत जाईल.”

“न्हाय ओवाळत. पर तू आदी खाऊन घे. तोंड बघ कसं झालंय. काल बी डबा तसाच न्हेलास.”

उत्कर्षाने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि खाता खाता बाजूला ठेवलेल्या पत्रांची पाकिटं पाहायला लागली. मेललाही पाकीट असतं. आतला मजकूर न उघडता कुणाकडून आलं आणि कुणाला, एवढं वरून दिसतं. तीन दिवस ती मशीनची नाडी बघत होती. पाकिटांकडे तिने नीट पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं आणि घास तोंडातच राहिला. अडलेलं प्रत्येक पत्र एकाच माणसाचं होतं. दुधनीचे चनमल्लप्पा, शेंगदाण्याचे व्यापारी. आणि प्रत्येक पत्र आबासाहेबांच्या नावाचं.

चनमल्लप्पा म्हणजे आबांचे जुने स्नेही, बोलण्यात कानडीतला आदराचा ‘री’ जोडणारे. रोज सकाळी बाजार उघडला की ते शेंगदाण्याचा भाव कळवायचे, कधी दुपारीही. साधे दोन ओळींचे मेल. पण अडलेल्या पत्रांचं वजन पाहिलं, तर चटणीच्या सगळ्या फोटोंचा कॅटलॉग फिका पडेल. मोठ्या पत्रांवरची मर्यादा आबांनीच काढायला लावली होती, परदेशी गिऱ्हाइकांना फोटो नीट जावेत म्हणून. दोन ओळींच्या भावात एवढं काय भरलंय? उघडून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि उघडायचं तर नव्हतं.

ती उठली आणि आबांच्या केबिनमध्ये गेली. तिथे युवराजही होता आणि त्याचा आवाज चढलेला होता.

“पुण्याच्या कंपनीने करार पाठवलाय म्हणतात. काल दुपारीच. आपला सर्व्हर बंद, तर येणार कुठून? म्हटलं, माझ्या फोनवर पाठवा, तर तुम्ही म्हणता कंपनीचं टपाल कंपनीच्या पत्त्यावरच आलं पाहिजे!”

“मग? आलं पायजेच,” आबा शांतपणे म्हणाले.

उत्कर्षा दारातच थबकली. करार तयारही झाला होता तर. ती पुढे होऊन म्हणाली, “आबा, तुमच्या नावाचं एक पत्र सर्व्हरला गिळता येईना झालंय. त्यानेच तो पडतोय. तुम्ही स्वतः उघडलंत, तर मी बाजूला उभी राहून बघते.”

“कुणाचं हाय?”

“दुधनीच्या अप्पांचं.”

“मग उघड की. त्यात काय लपवायचंय?”

“मी नाही. तुमच्या नावाचं आहे.”

आबा खूश झाले. नियम पाळणारं माणूस दिसलं की त्यांना ऊन पडल्यासारखं वाटायचं. त्यांनी चष्मा चढवला, तिने त्यांच्यासमोर नुसता मजकूर तेवढा आणून दिला आणि आबा मोठ्याने वाचायला लागले.

“‘नमस्कार री आबासाहेब. आपली पोच मिळाली. आपण आठवण ठेवली, लई आनंद झाला. लोभ असावा.’ बघ, कसा व्यवस्थित मानूस हाय. म्होरं... ‘आपले पत्र मिळाले. आभारी आहोत.’ ही आपली पोच. त्याच्याखाली... ‘नमस्कार री आबासाहेब. आपली पोच मिळाली.’ आं? पुन्ना त्येच?”

“खाली जा, आबा.”

आबा खाली जात राहिले. पोच, तिच्यावर आनंद, आनंदाची पोच, त्या पोचेवर पुन्हा आनंद. प्रत्येक वेळी आधीचं सगळं पत्र दोन प्रतींत जोडलेलं, चटणीच्या बरणीसकट आणि अप्पांच्या दुकानाच्या फोटोसकट. प्रत्येक फेरीत पत्र दुप्पट होत गेलेलं. अगदी तळाशी, या सगळ्या सौजन्याखाली दबून, शेंगदाण्याचा भाव पडलेला होता.

उत्कर्षाला हसू आवरेना. ती हसत भिंतीला टेकली. युवराजही नाइलाजाने हसला.

सगळा उलगडा झाला होता. आबांच्या पोचेने अप्पा इतके भारावले होते, की त्यांनी आपल्या पुतण्याला, सिद्धलिंगला सांगून आपल्या मशीनवरही तसंच बसवून घेतलं होतं. सोलापूरहून काहीही आलं, की लगेच उलट नमस्कार. म्हणजे इकडून पोच, तिकडून आनंद. दोन्ही यंत्रं नमस्कार करकरून थकत नव्हती, आणि तिसरं, मधलं, तपासणारं यंत्र प्रत्येक प्रत उघडून बघता बघता कोसळत होतं. मग आधी असं का झालं नाही, याचंही उत्तर तिला मिळालं. तिच्या आधी इथे असलेल्या माणसाने एक ओळ लिहून ठेवली होती, एका माणसाला दिवसातून एकच पोच द्यायची. अपग्रेड करताना सगळ्या सेटिंग नव्या फाइलीत हाताने उतरवून घेताना उत्कर्षाला ती ओळ बिनकामाची वाटली होती. तिने ती गाळली होती.

“चूक माझीच आहे, आबा,” ती म्हणाली. “ती ओळ परत घातली की संपलं.”

पण आबांचं भलतंच. त्यांचा चेहरा पडला होता.

“म्हंजे इतकी वर्सं, एखाद्यानं दिवसात दुसरं पत्र धाडलं, तर त्याला आपन पोचच देत नव्हतो?”

“नाही जात होती.”

“आरं देवा! लोकं काय म्हनली आसतील? न्हाय. ती ओळ घालायची न्हाय.”

“मग निदान पोचेला पोच द्यायची नाही, एवढं तरी घालू?”

“पोचेला पोच नसतीच मुळी. जिल्हा परिषदेत आसं केलं आसतं, तर सायबानं टेबल बदललं आसतं. पर ही पोच कुटं हाय? ‘लई आनंद झाला, लोभ असावा’ म्हंतोय मानूस. हे पत्र झालं की! त्याला पोच न दिऊन कसं चालंल?”

“आबा!” युवराजने डोक्याला हात लावला. “तुमच्या दोघांच्या लोभापायी सगळ्या ऑर्डरी अडकल्यात.”

आबांनाही ते कळत होतं. त्यांनी दुधनीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडून चनमल्लप्पांचा भरदार आवाज आला.

“नमस्कार री आबासाहेब! तुमची पोच काय, पोच काय! आमचा कॉम्प्युटर भरूनच गेलाय बघा. सिद्धलिंग म्हणतोय, काका, एवढं प्रेम कुनी करत नाही.”

“आप्पा, त्याचंच बोलायचंय. तुमी आमच्या पोचंला उत्तर नका देत जाऊ.”

अप्पांचा आवाज एकदम उतरला.

“काय चुकलं का री?”

“छे छे! चुकतंय कुटं?”

“मग? तुमची पोच यावी आन मी गप्प बसावं? घरी आलेल्याला पानी न इचारता बसल्यासारखं झालं की री ते. तुमी म्हणा, आमीच आधी बंद करतो, मग मी करतो.”

“मी कसा बंद करनार? तुमचं पत्र येतं!”

“मग माझं बी येतंय की!”

दोघंही एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही करत राहिले. उत्कर्षा डोळे मिटून उभी होती. बिलिंगचं टेबल एकेक पाऊल जवळ येत होतं आणि ते दोन म्हातारे सौजन्याच्या पायरीवरून खाली उतरायला तयार नव्हते. दोन्ही मशीन करत होती नेमकं तेच ते तोंडाने करत होते. फरक इतकाच, की यांना मेमरी जास्त होती.

सारजाबाई मघापासून दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन नवऱ्याच्या हातातला फोन घेतला.

“भावजी, मी सारजा बोलती.”

“वैनी, नमस्कार री!”

“नमस्कार. आता ऐका. तुमी पत्र धाडा, हे पोच देत्याल, आन तितंच थांबा. हितं पोरीच्या पोटावर पाय यायला लागलाय तुमच्या नमस्कारानं. तुमची माया आमाला ठावं हाय. ती लिवून कळवायची गरज न्हाय. लई वाटलं तर सनावाराला घरी या, भाकरी खावा, तितं किती बी नमस्कार करा.”

पलीकडे अप्पा मोठ्याने हसले. “येतो की वैनी. सिद्धलिंगला आत्ताच सांगतो बंद कर म्हणून. पोरीला सांगा, आमी दोघं म्हातारे जरा जास्तच शिकलो कॉम्प्युटर.”

फोन ठेवल्यावर आबा म्हणाले, “ह्ये मला का सुचलं न्हाय?” सारजाबाई तोवर दाराकडे वळल्या होत्या. त्यांना चटणीत लसूण कमी पडल्याचा वास आला होता, त्या गेल्या.

उत्कर्षा आपल्या खोलीत पळाली. विषयात ‘पोच’ असा शब्द असेल त्या पत्राला पोच नाही, ही ओळ तिने लिहिली. आबांचं समाधान झालं होतं, की पत्राला पोच आणि पोचेला पूर्णविराम. शिवाय दुसऱ्या प्रतीचं जोडकामही तिने काढून टाकलं आणि ते आबांना सांगितलंही. “एक प्रत पुरे,” ते मोठ्या मनाने म्हणाले.

सर्व्हर उठला. तपासणाऱ्या प्रोग्रामने दोन-चार पत्रं हाताळली आणि निवांत राहिला. आता तीन दिवसांत बाहेर ताटकळलेली पत्रं आत यायला लागली. सगळी एकदम सोडली तर पुन्हा बिघडायची भीती, म्हणून उत्कर्षाने ती दाराशी थांबवली आणि एकेक करून आत घ्यायला लागली. काळ्या पडद्यावर पाकिटं सरकत होती. दुबईचं दुकान. शिकागोतला कुणी मराठी माणूस. शाळेच्या स्नेहसंमेलनाला भाकऱ्या हव्यात, अशी कुणाची तरी मागणी असणार. एक बटण दाबलं की एक पत्र आत. तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

आणि मग एक पाकीट समोर आलं. पाठवणारी, पुण्याची कंपनी. घेणारा, युवराज.

तिचं बोट बटणावर तसंच राहिलं. आत काय आहे, ते उघडून बघायची गरज नव्हती. तिच्या लसणाच्या खोलीची, तिच्या सर्व्हरची, सोलापुरातल्या तिच्या आवडत्या कामाची रवानगी त्या पाकिटात होती. बाकीची पत्रं आत घ्यायला जे बटण, त्याच्या शेजारचंच दुसरं बटण पत्र कायमचं पुसून टाकायला. उघडायचं नाही, एवढाच नियम होता. पुसायचं नाही, असं आबांनी कधी सांगितलं नव्हतं. आणि कुणाला कळणारही नव्हतं. सर्व्हर पडलेला होता, तीन दिवसांतली किती पत्रं हरवली असतील, कोण मोजतंय? उद्यापर्यंत सर्व्हर नीट चालताना दिसला, तर युवराजदादा कदाचित विसरूनही जाईल.

तिला मोह झाला. खोटं कशाला सांगा, चांगलाच झाला. तिने बोट उचललं, ओढणीला पुसलं, पुन्हा ठेवलं. मग तिच्या मनात आलं, की टपाल नीट पोचवतो म्हणून तर आपण ही खोली मागतोय. त्यातलं आपल्याला नको ते पोचवलं नाही, तर ही खोली कशासाठी हवी? तिला स्वतःचाच राग आला आणि रडूही आलं. तिने बटण दाबलं. पत्र आत गेलं, युवराजच्या पेटीत, आणि पाठोपाठ पुण्याला पोचही गेली, ‘आपले पत्र मिळाले. आभारी आहोत.’ बाकीची पत्रं तिने भराभर सोडली, पण आता गाणं सुचत नव्हतं.

ती आवराआवर करत होती, तेव्हा युवराज खोलीच्या दारात आला. हातात फोन होता.

“चालू झाला वाटतं.”

“हो दादा. सगळं आलंय. एकही पत्र हरवलेलं नाही.”

“ते दिसतंय.” तो फोनकडे बोट दाखवून म्हणाला, “हे पुण्याचं. मधे थांबलं होतं ना? तू एकेक आत घेत होतीस, बिरप्पा सांगत होता.”

“हो.”

“मग पाठवणाऱ्याचं नाव दिसलं असेल.”

“पाकिटावरचं दिसतं. आतलं नाही बघितलं.”

त्याने तिच्या खुर्चीच्या पाठीला टेकून तिथेच उभं राहून फोनवर काहीतरी टाइप केलं. फार नाही, दोन-तीन ओळी असतील. मग पाठवलं. काळ्या पडद्यावर एक पाकीट सरकताना दिसलं. पाठवणारा युवराज, घेणारी पुण्याची कंपनी. आत काय लिहिलंय, हे उत्कर्षाला कळायला मार्ग नव्हता आणि तिने विचारलंही नाही. पाकीट बाहेर गेलं.

“उद्या आलीस की एक काम कर,” युवराज जाता जाता म्हणाला. “या खोलीत एसी बसवायचाय. तुला कुठल्या भिंतीला हवा, ते सांग.”